खड्डा की तिकिटं

ताई, ऐंशी साली सांताक्रूझ विमानतळावर आम्हाला सोडायला सोळा माणसं आली होती आणि ह्यांनी सोळाच्या सोळा जणांना तेच सांगितलं, "पाचच वर्षं. अनुभव घ्यायचा आणि परत." तू डोळे पुसत म्हणालीस, "पाच वर्षं काय, अशी जातील!" मला तेव्हा खरंच वाटलं गं.

त्या "पाचच वर्षं"च्या पालुपदाने इकडे परदेशात, नेपरव्हिलमध्ये, मला नुसता वैताग आणला. पडदे घेऊ म्हटलं, तर "कशाला? परत जायचंय." टीव्हीचं खोकं बेसमेंटमध्ये जपून ठेवलेलं, परत जाताना लागेल म्हणून. भिंतीला खिळा मारायचा तरी तेच. धर्मशाळेतसुद्धा माणसं याहून मोकळी राहतात! आणि तिकडे साताऱ्याला सासूबाई दर दिवाळीला आमची खोली रंगवून घ्यायच्या.

चौथ्या वर्षी आमच्या शलाकाने ख्रिसमस ट्रीचा हट्ट धरला. आता, जितंजागतं झाड तोडून आणायचं, आठवडाभर नटवायचं आणि मग कचऱ्यात, हे माझ्या जिवाला पटेना. म्हणून मुळांसकट आणायचं ठरवलं, नॉर्वे स्प्रूस. मूळचं युरोपातलं, थंडीला भीत नाही, बारा महिने हिरवं, आणि मोठं झालं की घराला वाऱ्याचा आडोसा. नर्सरीवाल्याने बजावलं होतं, खड्डा ऑक्टोबरमध्येच खणून ठेवा, नंतर जमीन गोठते. आणि घरात आठवड्यावर ठेवू नका, उबेला फसून ते फुटायला लागतं आणि मग बाहेर तग धरत नाही.

ऑक्टोबरभर मी ह्यांच्या मागे लागले. "वीकएंडला करतो." नोव्हेंबरभर लागले. "बघू." शेवटी झाड आलं आणि गोणपाटात बांधलेल्या मातीच्या गड्ड्यासकट हॉलमध्ये बसलं. इथल्या आपल्या मराठी लोकांनी त्याचा चक्क गणपती केला! रोज कोणीतरी बघायला यायचं, चहा-चिवडा, फोटो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आणलंय तर दहा दिवस तरी राहू दे गं." दहाचे वीस झाले. मीही गप्प बसले, चूकच केली. एके सकाळी कार्पेटवर त्याच्या सुईसारख्या पानांचा सडा. शलाका रडवेली होऊन म्हणाली, "आई, इट्स डाइंग!"

बाहेर जमीन म्हणजे दगड. मी ह्यांना म्हटलं, आता तरी खणा. तर म्हणतात कसे, "अगं, कुणासाठी लावायचं? ते मोठं होईपर्यंत आपण इथे असणार आहोत का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग उद्या तिकिटं काढा. खरंच जाऊ, मला चालेल. पण जायचं नसेल तर खड्डा खणा. दोन्हीतलं एक काय ते करा, मला असं लोंबकळत नाही जगता येत."

ह्यांनी गॅरेजमधून कुदळ काढली. मी किटलीने उकळतं पाणी ओतत होते, हे घाव घालत होते. एवढ्याशा खड्ड्याला शनिवार-रविवार गेला. झाड लावून, माती ओढून हे आत आले आणि हातमोजे न काढताच टेबलाशी बसले. म्हणाले, "आईला पत्र टाकतो. आमची वाट बघू नकोस म्हणून."

जिंकले होते मी! आणि बाथरूमचं दार लावून किती रडले, ते ह्यांना अजून माहीत नाही.

झाड जगलं. शेंड्याला जरा वाकडं आहे, पण आता छपराला टेकलंय. हे दर रविवारी त्याच्याभोवती फेऱ्या मारतात, कुणाला एक फांदी तोडू देत नाहीत, आणि वर मलाच सांगतात, "मी लावलंय." काय बोलणार, कपाळ!

तुझ्या प्रत्येक पत्रात असतं, "घरी कधी येणार?" जूनमध्ये येतोय, तीन आठवडे. पण ताई, "घरी" असं लिहू नकोस गं. घर इथे आहे, मीच भांडून करवून घेतलंय. तू तसं लिहिलंस की दिवसभर मला हे इथलं घर कुणा दुसऱ्याचं वाटत राहतं.