चुन्याच्या रेघांतला पाहुणचार

आमच्या आर्किटेक्ट बाई नकाशा काढण्याआधी जमिनीवर लोळायच्या. पदर खोचून रिकाम्या प्लॉटवर आडव्या व्हायच्या आणि या कुशीवरून त्या कुशीवर वळायच्या. मी त्यांच्या ऑफिसात नकाशे काढत असे, पण साइटवर माझं काम त्यांच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायचं. बाई म्हणायच्या, "झोपेत हात भिंतीले आपटला नाई पाहिजे, बस. तेवढी खोली पुरते." गवंडी त्यांना मागून 'लोळणाऱ्या बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गडचिरोलीत नर्सा, भरतीची तयारी करणारी पोरं, नवे कारकून वाढत गेले आणि त्यांना परवडेल अशी खोली मिळेना. बाईंनी एका मालकाच्या प्लॉटवर त्यांच्यासाठी इमारत आखली. खोल्या इवल्याशा, स्वयंपाकघर सगळ्यांचं एक आणि मधोमध मोठा हॉल. स्वयंपाकघरात मात्र प्रत्येकाला कुलपाचं कपाट. एकत्रच राहायचं तर कुलूप कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "चूल एक चालते वो, तिखटाचा डबा ज्याचा त्यालेच पाहिजे."

मालकांना तो हॉल खुपत होता. तिथे आणखी तीन खोल्या निघतात, एकट्या माणसाला हॉल हवा कशाला, असा त्यांचा हट्ट. बाईंचा सगळा जीव त्या हॉलात. तो गेला तर उरेल ते घर नव्हे, खुराडं, असं त्या माझ्यापाशी चिडून बोलत. मालकांपुढे मात्र तोंडात साखर. हॉल नसलेल्या खोलीत एक दिवस राहून दाखवा, मग मी स्वतः तो नकाशातून खोडते, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. दिवसही त्यांनीच निवडला. मालकांच्या गावच्या मंडईचा.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री नाटक असतं आणि नाटकाला येणारे पाहुणे सकाळपासूनच घरी उतरतात. हे मालक कसे विसरले, देव जाणे. बाईंनी त्यांच्या अंगणात चुन्याने नकाशातल्याच मापाची खोली आखली, दारापुरती जागा सोडली आणि आत खाट टाकून मालकांना बसवलं. पाहुणे आले तरी आतच बसवायचे, ही अट. दुपारपर्यंत साडू, साळे, साळ्यांची पोरं यांनी खाट भरून गेली आणि मालक खाटेच्या पायथ्याशी उकिडवे. शेवटी पाय मोकळे करायला ते उठले आणि रेघ ओलांडू लागले. ओसरीवर चहा पीत बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, भिंतीतून काऊन जाऊन राह्यले? दरवाजा तिकडे हाये."

दरवाजात मालकांच्या सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या.

हॉल वाचला. मालकीणबाई ती गोष्ट येईल त्याला सांगत आणि सांगता सांगता स्वतःच हसत सुटत.

या उन्हाळ्यात बाई वारल्या. शोकसभा त्याच हॉलात झाली. आजी-माजी भाडेकरू, गवंडी, सगळे दाटीवाटीने बसलो होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. मालक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी हॉलच्या भिंतींकडे हात केला.

"मी इथी तीन खोल्या काढनार होतो," ते म्हणाले. "काढल्या असत्या तं आज बाईसाठी आपन बसलो कुठी असतो?"