पालथं घालणारं जाकीट

“आबांना भोपळा बांधा रे,” सुपरवायझर म्हणाला. सगळा काठ हसला.

आमच्याकडे लहान पोरं पोहायला शिकतात तेव्हा त्यांच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. मी सत्तरीचा. तापीच्या डोहातून मी किती मोटारी, किती गुरं आणि किती माणसं काढली, ते काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी हसले.

माझा चुलतभाऊ उखाही हसला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पोहायला मीच त्याला शिकवलं. तो म्हणाला, “भाऊ, आते तुनं वय झायं!”

ते हसणं मला लागलं. सुपरवायझरचं एवढं नाही लागलं, उखाचं लागलं.

झालं होतं असं. नदीत कारखान्यांना पाणी देणारी पंपाची विहीर आहे, जॅकवेल. तिच्या तळाशी पाणी आत घेणारी लोखंडी जाळी. तिच्यात शेवाळ, प्लास्टिक, साड्यांच्या चिंध्या अडकतात. मोटार बंद करून ती साफ करायची. आधी आम्ही दम कोंडून उतरायचो. मग खाली बंधारा झाला, पाणी फुगलं, तळ लांब गेला. म्हणून जळगावच्या ठेकेदाराने पाठीवरची हवेची टाकी आणली, तोंडात धरायची नळी आणली, आणि हवा भरून माणसाला तरंगवणारी दोन तऱ्हेची जाकिटं आणली. म्हणाला, बघा, चांगलं ते ठेवू.

एक जाकीट बंडीसारखं. खांद्यापासून पोटापर्यंत वेढतं, आणि हवा बाजूने, पुढूनही भरते. दुसऱ्याला पुढे नुसते पट्टे, हवेची पिशवी सगळी पाठीवर. सुपरवायझरला दुसरं आवडलं. हलकं आहे, नवं आहे, पाण्याखाली माणूस माशासारखा आडवा राहतो, हात मोकळे राहतात. ते खरं होतं. मी दोन्ही घालून तळाला जाऊन आलो. खाली दुसरंच बरं.

पण माणूस खाली मरत नाही नेहमी. वर येऊन मरतो. दमलेला, पोटऱ्यांत गोळे आलेला, शुद्ध हरपलेला. म्हणून मी वर येऊन दोन्हीत पूर्ण हवा भरली आणि अंग सोडलं. मढ्यासारखं. पहिल्यात अंग उभं राहिलं, मान मागे गेली, नाक बाहेर राहिलं. दुसऱ्यात पाठीवरच्या हवेने मागून ढोसलं आणि तोंड पाण्यात. तीनदा केलं. तीनदा पालथा.

मी काठावर येऊन सांगितलं, “साहेब, हे पाठीचं जाकीट बेशुद्ध माणसाला पालथं घालतं. ते पहिलं घ्या. तेही जिवाची हमी नाही, पण बरं आहे.”

सुपरवायझरने माझ्या ओल्या हातात इंग्रजी पुस्तक दिलं. “यात कुठं लिहिलंय ते वाचून दाखवा, मग बोला.”

मी दुसरीपर्यंत शिकलो. पुस्तक धरून उभा राहिलो. पाणी ठिबकून पानं भिजली. तेव्हा तो भोपळ्याचं बोलला.

आमची वस्ती गावाबाहेर, नदीच्या अंगाला. कुणाचं माणूस बुडालं की आम्हाला मोटारसायकलवर बसवून नेतात. प्रेत काढेपर्यंत आबा, आबा. काढलं की, जरा लांब उभे राहा. हे मी जन्मभर गिळलं. त्या दिवशीही गिळलं. पण त्या दिवशी गिळलं ते पचलं नाही, कुजलं.

मी गप्प झालो. पाठीचं जाकीट ठरलं, आणि उतरायचं उखाने. उखाच्या अंगावर त्याचे पट्टे मी माझ्या हाताने आवळले. एकदा तरी म्हणायला हवं होतं, उखा, वर आल्यावर उताणा हो, यात पूर्ण हवा भरू नको. नाही म्हटलं. हसलास ना, घाल मग.

तो उतरला. मी होडीत, दोर धरून. सुपरवायझर काठावर खुर्चीत. बऱ्याच वेळाने उखा वर आला. दम लागलेला दिसला. तोंडातली नळी सुटली होती. त्याने जाकीट फुगवलं, हात वर करायला गेला आणि तसाच राहिला. तोंड पाण्यात.

“काय करतोय तो?” सुपरवायझरने काठावरून विचारलं. मग त्यानेच उत्तर दिलं, “वरून जाळी बघत असेल.”

मला माहीत होतं तो जाळी बघत नाही. गढूळ पाण्यात वरून काय दिसतं?

आता जे सांगतो ते सांगायला जीभ नको म्हणते. मी थांबलो. मनात आलं, बघू दे. त्या शहाण्याला डोळ्यांनी बघू दे, म्हातारा काय म्हणत होता ते. विडी पेटवायला लागतो तेवढाच वेळ असेल. तेवढा वेळ माझा भाऊ पाणी पीत होता आणि मी खरा ठरत होतो.

मग उडी मारली.

उखा वाचला. छातीत पाणी गेलेलं, धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. घरी आला तो अर्धा. नदीचा उतार चढताना चार जागी बसतो. जो भेटेल त्याला सांगायचा, “भाऊनी माले काढं.” ते ऐकलं की मी रस्ता बदलायचो.

ठेकेदाराने माझा सत्कार ठेवला. जॅकवेलच्या फाटकाशी मांडव, माईक, शाल, नारळ. समोर पहिल्या खुर्चीत उखा, शेजारी त्याची बायको. ठेकेदार माझ्या खांद्यावर शाल घालायला पुढे आला, त्याच्याआधी सुपरवायझरने कागद पुढे केला.

“इथे सही करा, आबा. अंगठा चालेल.”

“काय लिहिलंय?”

“काही नाही, नेहमीचं.”

कागद मराठीत होता. मी अक्षर अक्षर लावत वाचायला लागलो. वेळ लागला. माईक चालूच होता. “सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे,” इथपर्यंत मोठ्याने आलो. पुढे होतं, साहित्य उत्तम होतं.

सुपरवायझर हळूच म्हणाला, “आबा, लोक खोळंबलेत.”

मी ठेकेदाराच्या हातातली शाल घेऊन घडी करून खुर्चीवर ठेवली. माईकवर म्हणालो, “उखा चुकला नाही. जाकीट चुकीचं होतं. मी आधी सांगितलं होतं, हे हसले. आणि मी बी गुन्हेगार आहे. पट्टे आवळताना गप्प बसलो. तो पालथा दिसला तरी थांबलो. माझा सत्कार करू नका.”

उखा बायकोचा हात धरून उठला आणि चालू लागला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता.

“भाऊ, तुले माहीत व्हतं?”

“हा.”

“तरी तू थांबी रायना?”

“हा.”

त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, “आबा, आते तुम्ही जा.” तेव्हापासून उखा माझ्याशी बोललेला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

त्यांनी माझा अपमान केला हे खरं. पण अपमानाचा राग मी त्यांच्यावर काढला नाही, आपल्याच माणसाच्या जिवावर काढला. वरचा हसतो आणि आपण रुसून गप्प बसतो, बुडतो मात्र आपल्यातलाच. हे कळायला मला सत्तर वर्षं आणि उखाची छाती लागली.

ठेकेदार आता म्हणतो, दुसरे पाणबुडे आणतो. आणू दे. कुठल्याही वस्तीतले असोत, ते उतरायच्या आधी मी काठावर असेन. जाकीट आधी माझ्या अंगावर चढेल. छातीभर पाण्यात मी हवा भरीन आणि अंग सोडीन. तोंड पाण्यात गेलं तर तसं ओरडून सांगीन, आणि ऐकलं नाही तर उतरणाऱ्याचा दोर सोडणार नाही. मग खुशाल पोलीस बोलवा.

उखाकडे मी माफी मागितलेली नाही, मागणार नाही. माफी मिळाली तर मी पुन्हा गप्प बसायला मोकळा होईन.