काचेपलीकडची ऊब

आज सकाळी सदऱ्यावरून इस्त्री फिरवताना हात क्षणभर थबकला, आणि करपत्या सुताचा तो कोरडा, गोडसर, घशाशी येऊन बसणारा गंध खोलीभर पसरला. तुम्हाला हा किरकोळ प्रमाद वाटेल. मला मात्र त्या गंधाने नंदुरबारजवळच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये नेऊन उभे केले.

मिलच्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे. यंत्रांखालच्या बुटक्या बोगद्यातून कापूस वाहून नेणारा लांब पट्टा जातो. त्याची एखादी बेअरिंग तापली, तर सभोवतीचा कापूस पेटायला कितीसा अवधी? रनाळ्याचे धर्माकाका आयुष्यभर त्या बोगद्यात सरपटत गेले आणि तापकऱ्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा एकेका बेअरिंगवर तळहात ठेवत राहिले. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून मी गुडघ्याहून ठेंगणा, चार चाकांचा रोबो आणवला. कामगार त्याला कासव म्हणत. त्याच्या इवल्या मस्तकावर मावतील असे दोन कॅमेरे मीच पारखून घेतले, एक उजेडातले रूप टिपणारा, दुसरा उष्णता टिपणारा. आणि उडत्या तुसापासून जपावे म्हणून दोहोंपुढे एकच स्वच्छ काच बसवली.

माझ्या खोलीतल्या पडद्यावर चित्र किती नितळ दिसे! पट्ट्याचा टाकान् टाका मोजून घ्यावा. त्या नितळपणावर मी भाळलो.

एका दुपारी धर्माकाका माझ्या खोलीच्या दाराशी आले. "कासव गार दाखवस, पन माले जळेल वास येस. त्याले नाक नही का, साहेब?" मी पडद्याकडे बोट दाखवून हसलो. तासाभरात बोगद्यातून धूर आला. माणसे वाचली, कापसाची एक गंजी गेली. काकांच्या खिशात बिडीचे बंडल सापडले, आणि आग त्यांच्या बिडीनेच लागली असे धरून मिलमालक शेठनी त्याच दिवशी त्यांना घरी बसवले.

दुसऱ्या दिवशी मी एकट्याने कासवापुढे वाफाळत्या चहाचा पेला ठेवला. उजेडाच्या कॅमेऱ्यात वाफेची वलयेसुद्धा दिसली. उष्णतेच्या पडद्यावर मात्र नुसता गार करडेपणा. काच काढली, आणि पेला निखाऱ्यासारखा उजळला. जी काच डोळ्याला वाट देते, तीच उष्णतेला भिंत होते, हे या धंद्यातले बाळबोध ज्ञान. ते मला नव्हते. पण अज्ञानाचे सोडा; कळल्यानंतरही मी ती काच टेबलाच्या खणात ठेवली आणि तोंड मिटून घेतले, त्याला काय म्हणावे?

आता शेठ नवे कॅमेरे निवडायला सांगतात. मी मापे पाहतो, वजने पाहतो, उष्णतेला वाट देणारी ती करडी, डोळ्याला अपारदर्शक जर्मेनियमची खिडकी मागवतो, आणि तरी सही करण्याआधी सारा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचतो. आणखी काय मला ठाऊक नसेल?

म्हणून परवा रनाळ्याला गेलो. काका अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. सारे सांगितले. ते खुडतच राहिले. मग म्हणाले, "तुमले तवयच माहीत व्हतं?"

"हो, काका."

"मंग हाई मन्हा आंडोरले सांगा. मी बिडी वढी नव्हती, हाई माले माहीत शे. पन तो अजून घरमा येताच मन्हा खिसा चाचपस."

त्यांचा मुलगा नोकरीवरून रविवारी घरी येतो. आज रविवार. शेठना पत्र लिहून पाकिटात घातले आहे. तेही वाटेत देईन, मग माझे काय व्हायचे ते होवो. पण खरी भीती आहे ती त्या अंगणात, बापाच्या देखत मुलाशी नजर मिळवण्याची.

इस्त्री उचलली, तेव्हा सदऱ्याच्या खिशावर पिवळसर डाग उमटला होता. दुसरा सदरा काढावा असे मनात आले. काढला नाही. तोच अंगात घातला, खणातून आणलेली ती काच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रनाळ्याच्या वाटेला लागलो. गंध अजून येतोच आहे.