आखाडाचा कोंबडा

सासरहून मला परत पाठवलं त्याला साडेतीन महिने झाले होते, आणि मी भर पावसाळ्यात बाबांसोबत गावठी कोंबडा शोधत हिंडत होते. हसू नका. माझा अख्खा संसार त्या शनिवारी एका कोंबड्यावर येऊन ठेपला होता.

निरोप आला होता की जावई रविवारी आखाडाचं जेवायला येतील. त्या वर्षी अमावास्या सोमवारी होती आणि सोमवारी दोन्ही घरांत मांसमच्छी शिजत नसे, म्हणजे श्रावणाआधीचा शेवटचा दिवस रविवारच. निरोपात एवढंच होतं. 'न्यायला येतील' असं कुणीही म्हटलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने जोडलं. अंबरनाथला बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी त्याच संध्याकाळी बॅग भरून दारामागे ठेवली.

कोंबडा गावठीच का हवा, तर आदल्या वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाला, मी माहेरी बॉयलर रांधली होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, सांगायला कुणी नव्हतं, आणि बाबा कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेले. स्टेशनजवळ मिळाली ती आणली. सासर बदलापूरचं, पिढीजात शेतीवालं, अंगणात कोंबड्या फिरायच्या. नवऱ्याने पहिला घास घेतला, हाडापासून मांस आपोआप सुटलं, आणि तो नुसता हसला. घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे. त्यानंतर सासूबाईंना शब्दच मिळाला. भात मऊ झाला की बॉयलर, मी तापाने झोपले की बॉयलर. चैत्रात 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून पाठवलं आणि ते चार दिवस काही संपेनात.

खरी कारणं वेगळी असणार हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, एकदा नीट गावठी कोंबडा रांधून वाढला की सगळं सरळ होईल. वेडी होते झालं.

अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात टोपल्या रिकाम्या. उल्हासनगरात एका सिंधी दुकानदाराने तांबडी कोंबडी पुढे केली. "असली गावठी है बेटा, ले जाओ." बाबांनी तिची चोच निरखली. टोकाला कापलेली होती. "पिंजऱ्यातली आहे," ते म्हणाले. मला भर दुकानात रडू फुटलं. सगळं हातातून चाललंय असं वाटलं. बाबांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "चल, वांगणीला बघू."

वांगणीला उतरून चिखल तुडवत दोन पाडे पालथे घातले. तिसऱ्या पाड्यावर एका म्हातारीच्या ओटीवर उंच, तांबडा-काळा कोंबडा उभा होता. "ह्यो ईकाचा नाय," ती म्हणाली. मी तिचे पायच धरले. बॉयलरपासून बॅगेपर्यंत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादला कुठला?"

"बदलापूरचा."

"म्हंजे आमचेतलाच." ती म्हणाली. "आमचेत बायकोला म्हायेरशी नेवाला येतंय त्यो सोता कोंबरा काखंत मारून येतंय. तुमी कनाला शोधतांव?"

मी घाईघाईने म्हटलं, "कोंबडा आणायला त्यांना वेळ नसेल मिळाला." बाबा दगडावर चपलेचा चिखल पुसत राहिले. म्हातारीने एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं, आणि मग कोंबडा धरून त्याचे पाय चिंधीने बांधून दिले. तिच्या बोलण्याचा मला राग आला होता. तिला काय ठाऊक, असं मी परत येईपर्यंत पुटपुटत होते.

रविवारी तो कोंबडा स्टोव्हवर तब्बल अडीच तास शिजला. मी खोबरं भाजलं, वाटण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. बारा वाजता नवरा दारात आला तेव्हा मी आधी त्याचे हात पाहिले. हातात छत्री होती.

तो पोटभर जेवला. रस्सा तीनदा मागून घेतला. "आत्ता कसं!" म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. हात धुऊन म्हणाला, "आईसाठी डब्यात दे थोडं." मी पातेलं खरवडून चांगले चांगले तुकडे डब्यात भरले. मग आत जाऊन साडी बदलली आणि बॅग घेऊन बाहेर आले. तो चपला घालत होता.

"तू कुठे निघालीस?" त्याने विचारलं. "आई म्हणाली, जेवून ये. बाकीचं दिवाळीनंतर बघू."

मी नळापर्यंत त्याच्या मागे गेले. मला घेऊन चला म्हणाले. शेजारणी ऐकत होत्या, तरी म्हणाले. "डबा देतो पाठवून," तो म्हणाला आणि गेला.

परत आले तर बाबांनी माझं ताट मांडलं होतं. त्यांनी फळीवरून एक झाकलेली वाटी काढली. त्यात एक तंगडी होती, अख्खी.

"ही कधी काढलीत?"

"तो यायच्या आधी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हातारी बोलली तेव्हाच कळलं."

मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. मग तो कोंबडा घेतलात कशाला, मला तिचे पाय कशाला धरू दिलेत, एवढं रांधू कशाला दिलंत! ते शांतपणे भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवत राहिले.

"नसता घेतला," ते म्हणाले, "तर तू जन्मभर कोंबड्यालाच दोष देत बसली असतीस."

मी रडत रडत ती तंगडी खाल्ली. चांगली शिजली होती.