नर्सबाई डोंग्यात बसत नाहीत

सौंसरमध्ये प्रज्ञाबाईंना अजूनही सगळे नर्सबाईच म्हणतात. रामाकोन्याकडच्या खेड्यांत त्यांनी एकतीस वर्षं काढली. लशीचा डबा खांद्याला अडकवायचा आणि बांधावरून, नाल्यातून, संत्र्याच्या बागांमधून पायी निघायचं. कुणी मोटारसायकल थांबवून बसा म्हटलं, तर म्हणायच्या, "तुमी व्हा पुढं, मले वाटेत तीन घरी थांबाचं आहे."

रिटायर झाल्यावर नागपूरला त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज बाहेर चालायला सांगितलं. प्रज्ञाबाई सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालल्या आणि तिथंच अडकल्या. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा म्हटलं की छातीत धडधडायचं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. उद्यापासून जाते, एवढंच म्हणायच्या. असे चार महिने गेले.

पुण्याला नोकरी करणारी मुलगी अमृता दिवाळीला आली, तेव्हा तिनं घरच्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. बर्फाळ जंगल, मोठी नदी, आणि त्यात आपण एकटे. लाकूड तोडा, मासे पकडा, थंडीत मरू नका. ती पुण्याहून खेळणार, आई-बाबा इथून. अमृताची झोपडी उत्तरेच्या तळ्यावर, या दोघांची नदीच्या खालच्या अंगाला. हिवाळा लागायच्या आत तिच्यापर्यंत पोचायचं, एवढं काम.

प्रज्ञाबाईंना गेम आवडला. पडद्यावरची त्यांची बाई डोक्याला रुमाल बांधून डोंगर चढायची, वाकून कंदमुळं खणायची, आणि तिचे गुडघे दुखत नसत.

अडचण होती दिलीप सरांची. प्रज्ञाबाईंचे हे यजमान लोधीखेड्याच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी वहीत आकडेमोड केली आणि चष्मा कपाळावर चढवून निकाल सांगितला.

"नदीतून डोंग्यानं दोन दिवस. पायी गेलो तर नऊ. विषय संपला."

"अन् थांबाचं कुठं? खाचं काय?"

"दोन दिवसांत काय खातं माणूस? वाळलेलं मांस आहे नं."

चार दिवस खपून त्यांनी डोंगा बनवला. दोघांचं सगळं सामान त्यात भरलं. तासाभरानं धार लागली, डोंगा खडकावर आदळला आणि किटली, कुऱ्हाड, मांसाची पोतडी, सगळं वाहून गेलं. दोघं ओल्या कपड्यांनी काठावर चढली आणि तिथंच गारठून मेली.

"चूक डोंग्याची नाई," सर म्हणाले. "वळण घ्याले उशीर झाला."

दुसऱ्यांदा वळण वेळेवर घेतलं, पण सरपण भिजलं आणि चूल पेटली नाही. तिसऱ्यांदा प्रज्ञाबाईंनी निक्षून सांगितलं की मी पायी जाते, तुम्ही जा डोंग्यानं. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तर सरांनी त्यांच्या पडद्यावरच्या बाईच्या थैलीतलं सगळं काढून डोंग्यात भरलेलं. तिच्या अंगावर नुसता सदरा, हातात काडेपेटीसुद्धा नाही.

"अवो, हे काय करून राहिले तुमी? इचारलं का मले?"

"तू रिकामी चालशील तर लवकर येशील. मी हिशोबानंच केलं."

"आग लागो त्या हिशोबाले! आग कायनं पेटवू मी? फुंकून?"

फोनच्या स्पीकरवरून अमृता ओरडली, "आई, बाबा, एक कोणतं तरी ठरवा ना! तीन आठवडे झाले, मी इथं एकटी मासे भाजतेय."

"तुझ्या आईले समजाव," सर वैतागून म्हणाले. "पायी जाते म्हणे. हिले आता चालता तरी कुठं येते!"

सरांना आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द सुटून गेला होता.

प्रज्ञाबाईंनी कप टेबलावर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि त्या दाराबाहेर पडल्या. फाटक उघडून, गटारावरची फरशी ओलांडून रस्त्याला लागल्या. मागून सर ओरडत होते, "काठी तरी घे!" त्यांनी वळून पाहिलं नाही. राग इतका होता की धडधडायला छातीत जागाच उरली नव्हती. गल्लीच्या टोकाला गायत्रीबाईंचं घर. तिथं पोचून ओट्यावर बसल्या.

"बापा! नर्सबाई, तुमी चालत आल्या?" गायत्रीबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या.

"मंग काय डोंग्यानं येऊ?" प्रज्ञाबाई म्हणाल्या. गायत्रीबाईंना काही उमगलं नाही. त्या पाणी आणायला आत गेल्या, आणि इकडे प्रज्ञाबाईंना एकदम रडू आलं.

अर्ध्या तासानं सर स्कूटर घेऊन आले. म्हणाले, "चुकलं माझं. बस मागं."

"मी येते पायी."

सरांनी स्कूटर बंद केली आणि ती ढकलत त्यांच्या बाजूनं चालू लागले. घर येईपर्यंत त्यांनाच दम लागला होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञाबाई सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागल्या. गेममध्ये सरांनी डोंगा काठावर सोडला आणि त्यांच्या मागून पायी निघाले. अर्थात कुरकुरत. "अजून किती? हे काय उपटून राहिली आता? परत थांबली?" प्रज्ञाबाई कोरडं लाकूड गोळा करत, कंदमुळं भाजत, अंधार पडायच्या आत झोपायची जागा शोधत. एकदाही दोघं गारठली नाहीत. अकराव्या दिवशी तळं दिसलं आणि काठावरची झोपडीही.

झोपडी रिकामी होती.

"अमृता, आमी आलो!" प्रज्ञाबाई फोनवर ओरडल्या. "तू कुठं हायेस?"

"आई, मी कंटाळले ना वाट पाहून," अमृता म्हणाली. "डोंगा बनवला आणि काल तुम्हाला शोधायला निघाले. नदीनं खाली आलेय. आत्ता तुमच्याच झोपडीसमोर उभी आहे."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग वही ओढली आणि पेन्सिल शोधू लागले.

"खबरदार," प्रज्ञाबाई म्हणाल्या. "अमृता, तिथंच बस. हलू नको. आमी येतो परत."