कागदाबाहेर बघणारा चेहरा

घरात तिला धाकटी म्हणत. आठ महिन्यांपूर्वी थोरला भाऊ अचानक गेला, घरात ती आणि बाबा दोघंच उरले, तरी ती धाकटीच राहिली.

नऊ वर्षं ती एका छापखान्यात डिझाइनं करत होती. औषधांची लेबलं, शाळांची माहितीपत्रकं, बुटांच्या दुकानाच्या जाहिराती. मालकांचं तत्त्व एकच, "कोरी जागा म्हणजे आळस." त्यामुळे कोपरा दिसला की तिचा हात वेल काढायचा आणि अक्षर दिसलं की त्याखाली सावली घालायचा. एका नावाजलेल्या स्टुडिओनं तिला दोनदा नाकारलं होतं, तेही कारण न सांगता. आता तिसऱ्यांदा जागा निघाली होती. अर्जाची मुदत रविवारी संध्याकाळी संपत होती. या वेळीही नाही आलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. ठरवतानाही काही वाटलं नव्हतं.

दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ आपल्याच तोंडावर असतो, पण आपला वाटत नाही. तिचे हे आठ महिने तसे गेले होते. कामं होत होती, वेळेवर होत होती.

टेबलाच्या कडेला थोरल्यानं चिकटवलेली चिठ्ठी अजून होती. तिच्यावर कात्रीबाईंचा नंबर. या बाई निवृत्त डिझायनर. रविवारी सकाळी नवख्यांची कामं बघत आणि त्यांतली निम्मी बाजूला काढत, म्हणून हे नाव. "दाखव की एकदा," थोरला म्हणायचा. "खाणार आहेत का त्या तुला?"

त्या रविवारी ती फोल्डर घेऊन गेली. बारा कामं होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला कागद उलटा धरला, डोकं खाली, पाय वर.

"घाबरू नकोस. अक्षरं वाचता आली नाहीत की वजन कळतं. हे बघ, सगळं एका कोपऱ्यात कोसळलंय." त्यांनी कागद सरळ केला. "नमनालाच घडाभर तेल. बूट कुठाय यात?"

"खाली. फुलांच्या मागे."

"बूट फुलांच्या मागे लपवून विकायचेत?" बाई हसल्या. "ही फुलं आवडली म्हणून काढलीस, की जागा उरली म्हणून?"

"जागा उरली म्हणून."

"खरं बोललीस. पुष्कळ लोक इथे मला रंगांचं मानसशास्त्र सांगतात."

बाई बोलत गेल्या, धाकटी वहीत उतरवत गेली. सावल्या काढून टाक. तीन अक्षरवळणं नकोत, एक पुरे. शिव्या असत्या तरी तिनं त्याच अक्षरात उतरवल्या असत्या. अकरा कामांपैकी तीन उरली.

बारावं एक लहान पांढरं कार्ड होतं. उजव्या कडेला एका तरुणाचा फोटो, डावीकडे नाव, दोन तारखा, एक ओळ. बाकी काही नाही. बाईंनी ते सरळ धरलं, उलटं धरलं, पुन्हा सरळ धरलं.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं."

"आणि बुटांना?"

"दोन दिवस."

"इथे जागा उरली नाही वाटतं?"

"उरली. भरायचं सुचलं नाही."

बाईंनी कार्ड बाकीच्या कामांवर ठेवलं. "हे पहिलं ठेव. फक्त एक खटकतंय. हा माणूस कागदाबाहेर बघतोय. वाचणारा त्याच्या नजरेमागून निघून जातो, मजकूर वाचायचा राहतो. चेहरा आत वळायला हवा. गिऱ्हाईक कोण होतं?"

"घरचंच काम होतं," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं, चेहरा आत.

दुपारी घरी येऊन तिनं कॉम्प्युटर उघडला. छापखान्यात चेहरा आत वळवायचा म्हणजे फोटो उलटवायचा, आरशात दिसतो तसा. गिऱ्हाइकाचा चेहरा कोणाला आठवतो? तिनं एक कळ दाबली. चेहरा वळला, मजकुराकडे बघू लागला. तिनं कागद छापून टेबलावर ठेवला आणि अर्ज भरायला घेतला.

बाबा चहा घेऊन आले. कागद उचलून लांब धरला.

"हा कोण गं?"

"बाबा, दादा आहे."

"दादा कसला! भांग बघ कुठे गेलाय. शाळेत जाताना मी पाडायचो त्याचा भांग. या बाजूला पाडला की कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहायचे केस. आणि भुवईवरची खोक? तीही पलीकडे?"

धाकटीनं पाहिलं. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला लांबून दिसायची. हा चेहरा मात्र पाऊण तास तिच्यासमोर टेबलावर होता आणि भावाच्या जागी कोणी तरी दुसराच बसलाय, हे तिला दिसलं नव्हतं.

बाबा कागद घेऊन खिडकीशी गेले. पातळच कागद होता. त्यांनी तो पाठमोरा करून उजेडासमोर धरला.

"हां. हा बघ. आता आला घरी."

ती उठून त्यांच्या खांद्याशी उभी राहिली. कागदाच्या पाठीमागून थोरला दिसत होता. भांग जागेवर, खोक जागेवर. अक्षरं उलटी झाली होती, पण तो आता डाव्या कडेला होता आणि आत बघत होता. चेहऱ्याला हात लावायची गरजच नव्हती. त्याला फक्त पलीकडच्या कडेला बसवायचं होतं.

आठ महिन्यांनी तिला काही तरी दुखलं. इंजेक्शन उतरताना दाढ पहिल्यांदा दुखते तसं, बारीक.

"काय बघतोय हा?" बाबांनी विचारलं.

"स्वतःचं नाव."

"शाळेत एक अक्षर वाचलं नाही, आता वाचतोय."

तिनं फोटो पुन्हा सुलटा केला, डावीकडे घेतला, मजकूर उजवीकडे. मधली जागा तशीच राहू दिली. स्टुडिओनं सहा कामं मागितली होती. तिनं चार जोडली, कार्ड सगळ्यांत वर. अर्जात प्रत्येक कामापुढे गिऱ्हाइकाचं नाव विचारलं होतं. तिथे तिनं सकाळसारखंच "घरचं काम" असं लिहिलं होतं. ते पुसलं आणि लिहिलं, "माझा भाऊ."

"चहा गार झाला," बाबा म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली आणि अर्ज पाठवला.