मागून टाकलेलं कार्ड

मीनल ढोके कुणाशी वाद घालत नसे. समोरचा काय म्हणतो ते ती पूर्ण ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, "बरं." ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती फार गरीब स्वभावाची मुलगी वाटली. माणूस ओळखण्यात माझी एवढी मोठी चूक पुन्हा कधी झाली नाही.

ती यवतमाळची. २००० साल उलटून वायटूकेची धामधूम संपली होती आणि पुण्यात रोज नवी सॉफ्टवेअर कंपनी निघत होती, त्या दिवसांत आम्ही दोघं एकाच टीममध्ये होतो. मी प्रोग्रॅम लिहायचो, ती त्यातल्या चुका शोधायची. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण अगदी मनातलं सांगताना वऱ्हाडी व्हायची. चूक सापडली तरी ती लगेच सांगत नसे. "आज सांगितली तर तू म्हणशील, टायपिंग मिस्टेक आहे," ती म्हणायची. "चूक पिकू द्या लागते." मग चार ठिकाणी तीच चूक पकडून ती सगळी यादी माझ्यासमोर ठेवायची. तेव्हा बोलायला काही उरत नसे.

शनिवारी दुपारी आम्ही सातआठ जण कसबा पेठेत सलीलकडे जमायचो. त्याच्या वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि त्यावरची खोली त्याने कार्डांच्या खेळासाठी मागून घेतली होती. ही कार्डं म्हणजे नेहमीचे पत्ते नव्हेत. एकेका कार्डावर एखादा प्राणी नाहीतर मंत्र. आपापली कार्डं जमवायची आणि समोरच्याचे प्राणी मारत त्याला हरवायचं. सलीलचा भाऊ अमेरिकेत होता, म्हणून नियमांचं पुस्तक फक्त सलीलकडे. त्यामुळे नियमही सलीलचेच.

मी मीनलला तिथे घेऊन गेलो. तिसऱ्याच शनिवारी ती सलीलला हरवायच्या बेतात आली. तिचा गरुड मारायला सलीलने 'आग' टाकली. तिने लगेच वर 'कवच' टाकलं आणि गरुड वाचला असं समजून हसली.

"काय करताय?" सलील म्हणाला. "आधी टाकलेलं कार्ड आधी लागू. गरुड जळाला. आता कवच कुणाला घालणार, राखेला?"

"पण मी उत्तर दिलं ना?"

"अहो, तुमच्या गावात रांग नसते का? आधी आला त्याचं काम आधी."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मीनलचे कान लाल झाले. तिने गरुड उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतर दीड वर्ष ती एकही शनिवार न चुकवता येत राहिली. बहुतेक वेळा हरायची. कुठे वाद झाला की मुद्दाम सलीललाच विचारायची, "सर, आधी टाकलं ते आधी, नाही का?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा नियम सांगायचा आणि आम्ही तो पाठ करायचो. सलीलचा सगळा खेळ त्याच एका नियमावर उभा राहिला. माझाही.

मग पुण्यात पहिली मोठी स्पर्धा ठरली. पंच बंगळूरहून येणार होता. हरला तो बाहेर, अशा फेऱ्या होत्या. पहिल्याच फेरीत माझी गाठ मुंबईच्या एका मुलीशी पडली. मी 'आग' टाकली, तिने 'कवच' टाकलं, आणि मी ऐटीत तिचं कार्ड उचलायला हात पुढे केला. तिने पंचाला बोलावलं. तो हिंदीत शांतपणे म्हणाला, "जो बाद में डाला, वो पहले लागू होगा।" म्हणजे कवच आधी, आग नंतर. तिचा प्राणी वाचला आणि पाचच मिनिटांत मी बाहेर.

उठलो तो थेट मीनलच्या टेबलामागे जाऊन उभा राहिलो. तिच्यासमोर सलील होता. मला त्याला सावध करता आलं असतं. एक खाकरणंही पुरलं असतं. तेवढ्यात मीनलने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. मी गप्प राहिलो.

सलीलने हातातली उरलेली सगळी कार्डं खर्चून तिच्या गरुडावर 'आग' टाकली. तिने 'कवच' ठेवलं.

"आधी टाकलं ते आधी," सलील म्हणाला. "किती वेळा शिकवायचं तुम्हाला?"

मीनलने हात वर केला. पंच आला आणि त्याने निकाल दिला. सलील भांडला. आम्ही पुण्यात असंच खेळतो, म्हणाला. पंच म्हणाला, "तो पुणे में गलत खेलते हो।" आजूबाजूला आमचेच शनिवारचे लोक उभे होते. सलीलच्या हातात आता एकही कार्ड उरलं नव्हतं. मीनल शेवटच्या वारासाठी गरुड पुढे सरकवत म्हणाली, "मले दीड वर्षापासून माहीत होतं, सर. गरुड जळाला त्याच्या पुढच्याच सोमवारी ऑफिसात नेटवर वाचलं मी."

सलीलने कार्डं गोळा केली आणि कुणाकडे न पाहता तो निघून गेला. त्या खोलीत पुन्हा खेळ झाला नाही. मीनल दुसऱ्याच फेरीत हरली. त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये मी तिला गाठलं. "सलीलचं ठीक आहे. मला तरी सांगायचंस. तुला तिथे मी नेलं होतं."

तिने पोह्यांचा घास संपवला. "तू बी हसला होता," ती म्हणाली.

मला वाटत होतं, मी तिच्या बाजूचा आहे. दीड वर्ष तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला आणि दीड वर्ष त्या यादीत माझंही नाव होतं.

पुढे तिच्या आईचं दुखणं वाढलं आणि ती नागपूरला नोकरी बघून पुणं सोडून गेली. जायच्या आदल्या दिवशी कंपनीबाहेरच्या टपरीवर मी तिला म्हणालो, "त्या दिवशी हसलो ते चुकलं माझं."

"हाव," तिने मान डोलावली.

"मग केलंस का माफ?"

तिने खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण तुह्यासंगं चहा प्यायले मले आवडते."

मी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.